शाळेचा प्रश्न शाळेबाहेरही सोडवावा लागतो
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या घराघरांतून मुलांना एक उपदेश हमखास केला जातो : "बेटा, शीक, नोकरीला लाग, पण सियासतच्या भानगडीत पडू नकोस." हा उपदेश उगाच आलेला नाही. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातील मुसलमानांवर जे गुदरले, त्याची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना दिल्लीहून यावे लागले होते. ते दिवस पाहिलेल्या पिढीने मुलांना राजकारणापासून दूर ठेवले, यात नवल ते काय? तरीही आज या उपदेशाचा फेरविचार झाला पाहिजे. त्यासाठी आपल्याच बीड जिल्ह्यात शिकवून गेलेल्या एका शिक्षकाचे उदाहरण मी आपणापुढे ठेवतो.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे नाव. जन्म 3 ऑक्टोबर 1903 चा. पुण्याच्या टिळक विद्यापीठात शिक्षण झाल्यावर त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. पुढे ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. तेथेच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. 1935 साली ते अंबाजोगाईस, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादेस, योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक म्हणून आले.

तो काळ निजामी राजवटीचा. हैदराबादेत 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि आपल्या देशातील एका भाषेतून, उर्दूतून, उच्च शिक्षण देण्याचा थोर प्रयोग तेथे झाला. त्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु ज्याच्या घरी मराठी, कानडी किंवा तेलुगू बोलली जाई, ते मूल वरच्या वर्गात गेले की परक्या भाषेशी अडखळे. खाजगी शाळा काढावयाची तर परवानगी, सभा भरवावयाची तर परवानगी! मुख्याध्यापकाने कितीही जीव ओतून शिकविले, तरी हे कोडे फळ्यावर सुटणारे नव्हते. ते सोडविण्याची जागा कायद्यात होती, आणि कायदा करण्यात प्रजेला हात नव्हता.

म्हणून स्वामीजी महाराष्ट्र परिषदेच्या कामात शिरले. परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 साली परतूरला भरले. 1938 साली त्यांनी मोमिनाबादची शाळा सोडून हैदराबाद गाठले. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. पुढे ते स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 1952 साली गुलबर्ग्याहून आणि 1957 साली औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. मंत्रिपद मात्र त्यांनी कधी घेतले नाही. 22 जानेवारी 1972 रोजी ते निवर्तले.

कोणी म्हणेल, हा लढा तर आपल्या विरुद्ध होता. मित्रहो, तो एका राजवटीविरुद्ध होता. याच लढ्याची बाजू 'इमरोज' या उर्दू दैनिकातून मांडणारे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत हत्या झाली. उर्दू ही दरबाराची भाषा होती, तशी न्याय मागणाऱ्याचीही भाषा होती.

आता काळाची उलटी गती पाहा. तेव्हा मराठी मुलापुढे जो प्रश्न होता, तोच आज उर्दू शाळेतील मुलापुढे आहे. ज्या गावात उर्दू शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच आहे, तेथील मुलीने पुढे काय करावे? परगावी कोण पाठविणार? मराठी कच्चे राहिले, तर ती मराठी शाळेत टिकणार कशी? हाही प्रश्न आम्हा शिक्षकांच्या खडूने सुटणारा नाही. पुढचा वर्ग मंजूर व्हावा लागतो, शिक्षक मिळावा लागतो, मराठीची पूर्वतयारी चांगली व्हावी लागते.

त्यासाठी दारे उघडी आहेत. आपण तेथे जात नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जिल्हा परिषदेच्या शाळेतील व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अम्मींनो, ही जागा तुमची आहे! अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क राज्यघटनेच्या 30 व्या कलमाने दिला आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याविषयी 350-अ कलमात सांगितले आहे. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 जागांवर तर शिक्षकच आपले प्रतिनिधी निवडून देतात.

सर्वांनीच आमदार व्हावे, असे माझे म्हणणे नाही. परंतु समितीच्या बैठकीस जाणे, ठराव वाचून मगच सही करणे, ग्रामसभेत उभे राहून वर्ग मागणे, अर्जाची पोच घेणे, ही सार्वजनिक जीवनाची पहिली इयत्ता आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, उर्दू जीव लावून शिका, तितकीच मराठीही शिका. कारण अर्ज त्याच भाषेत लिहावयाचा आहे आणि सभागृहात त्याच भाषेत बोलावयाचे आहे.

तेव्हा "सियासतमध्ये पडू नकोस" याऐवजी मुलांना सांगा, "शीक, आणि जेथे तुझ्या शाळेचा निर्णय होतो तेथे जाऊन बस."