सातबाऱ्यावर लक्ष ठेवा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



किडीप्रमाणेच सातबाऱ्यावरील चुकीची नोंदही वेळीच दिसली तर उपाय सोपा असतो. ‘महाभूलेख’ या शासकीय संकेतस्थळावर सातबारा व आठ-अ विनामूल्य पाहता येतो. मात्र तो माहितीपुरताच. कोर्टकचेरीसाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा फी भरून घ्यावा. ‘आपली चावडी’वर गावातील फेरफारांच्या नोटिसा दिसतात. नोंद मान्य नसल्यास १५ दिवसांच्या मुदतीत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, लेखी हरकत द्या व पोच घ्या. जमीन खरेदीपूर्वी विकणाऱ्याच्या नावाने दिवाणी दावा आहे का, हे ‘ई-कोर्ट्स’वर शोधावे. दर आठवड्याला ‘आपली चावडी’ पाहण्याचा परिपाठ ठेवा, म्हणजे हरकतीची मुदत हुकणार नाही.