ओवाळणीचा हिशोब अखाजीला



आपल्या जळगाव-धुळ्याकडे सालदाराचे साल अखाजीला ठरते. धान्य किती, पैसे किती, हे त्या दिवशी बोलून घेतात. आम्ही म्हणतो, शिकणाऱ्या मुलाने भाऊबीजेची ओवाळणीही त्याच दिवशी ठरवावी.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, अखाजी वैशाखात आणि भाऊबीज कार्तिकात. एवढी घाई कशाला?

ते कपाशीला विचारा. कोरडवाहू कपाशी आपण मृगाच्या पावसावर लावतो. पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. त्या कापसात ओल जास्त असते. १२ टक्क्यांहून जास्त ओल असली तर सीसीआयच्या केंद्रावर कापूस घेत नाहीत. गावातला व्यापारी घेतो, पण भाव पाडून घेतो. दिवाळी तर थांबत नाही. किराणा हवा, कपडे हवेत. तेवढ्यात शहरातून मुलगा येतो आणि म्हणतो, "बाबा, ताईच्या ताटात घालायला पैसे द्या." बाप आणखी एक गाठोडे काट्यावर टाकतो. चार दिवस उन्हात वाळला असता तर त्याच कापसाला बरा भाव आला असता. ओवाळणी मुलाची, तोटा बापाचा!

काही मुले बापाजवळ मागत नाहीत. ती खानावळीचे पैसे मोडतात. हल्ली मोबाईलवर घटकेत कर्ज मिळते, ते काढतात. ओवाळणी एका दिवसाची, व्याज मात्र शिमग्यापर्यंत चालते.

आणि काही मुले बहिणीकडे जातच नाहीत. आमच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा पुढे धुळ्याला कॉलेजात गेला. बहीण साक्रीकडे दिलेली. भाऊबीजेला त्याने निरोप धाडला, अभ्यास आहे, येणे होत नाही. अभ्यास कसला? खिसा रिकामा होता. बहिणीने रात्रीपर्यंत ताट तसेच ठेवले. शेजारणींना "मना भाऊ उना" असे सांगायचे होते तिला. पुढे खरे कळले तेव्हा ती फार रडली.

आता थोडे गणित करू. अखाजी ते भाऊबीज सहा महिने होतात, एक दिवस कमी. अधिक महिना आला तर सात. आपण २५ आठवडे धरू. आठवड्याला १० रुपये बाजूला पडले तर २५० रुपये होतात. २० पडले तर ५००. अखाजी हुकली आणि पोळ्याला जाग आली, तर दोनच महिने उरतात. मग त्याच २५० रुपयांसाठी आठवड्याला जवळजवळ ३० रुपये टाकावे लागतात. मध्ये गणपतीची वर्गणी असते, वह्या-पुस्तके तर असतातच. ३० रुपये कोठून निघणार?

राखी अखाजीनंतर साडेतीन महिन्यांत येते. तिचे पैसे यातूनच काढायचे. बहिणीच्या गावचे एस.टी.चे भाडेही धरा. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट झाले, भावाला मात्र पुरे पडते.

पैसे ठेवायचे कोठे? पोस्टात १० वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने खाते काढता येते. पण त्यात निदान ५०० रुपये ठेवावे लागतात. एवढ्या लहान रकमेला आम्हाला घरातला डबाच बरा वाटतो. मात्र डबा वसतिगृहात नको, तेथे दहा जणांचे हात. मुलगा गावी आला की त्याने पैसे आईजवळ द्यावेत. आईने वहीत तारीख घालून आकडा लिहावा. माय-बहिणींनो, तुम्ही आता अंक लिहायला शिकला आहात, हे काम तुमचेच.

कॉलेजची मोठी मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत केळीच्या कापणीला जातात, दुकानात राहतात. त्यांनी दोन दिवसांची मजुरी आधीच डब्यात टाकावी. मुलगी शिकत असेल तर भावाच्या राखीचा डबा तिनेही ठेवावा. त्यात मुलगा-मुलगी असा भेद आम्ही करत नाही.

अखाजीला घागर भरून झाली, पुरणपोळी आणि आमरसाचे जेवण झाले, की मुलाला जवळ बसवा. वहीच्या पहिल्या ओळीत त्याच्या बहिणीचे नाव लिहा. नावापुढे आकडा लिहा. आकडा बापाने सांगायचा नाही, मुलाने सांगायचा.