इतिहासाची पदवी आणि पोटाचा प्रश्न

लोहाऱ्याचा मुलगा महाविद्यालयात इतिहास घेतो म्हटले की वडील विचारतात, ‘पोट कशावर भरणार?’ प्रश्न रास्त आहे.

शेजारच्या यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी वकिली सांभाळून जुन्या पोथ्यांचे संशोधन केले. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आज तेच ज्ञान उपजीविकाही देऊ शकते. २०२३ मध्ये न्या. शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचकांची निकड सर्वांना कळली.

अभिलेखागार, पुरातत्त्व, संग्रहालय, अध्यापन, स्पर्धा परीक्षा या वाटा आहेतच. मात्र नुसती पदवी पुरत नाही. विद्यार्थ्याने मोडी शिकावी. पूर्वजांचे अक्षर ज्याला लागते, त्याच्याकडे समाज आपणहून दप्तर घेऊन येतो.