संगणकाचा बस्ता
मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण



या व्यासपीठावरून दरवर्षी लोणची-मसाले, बालसंगोपन, नाही तर एखाद्या यात्रेची हकीकत अशी भाषणे होतात. यंदा चिटणीसबाईंनी मला गळ घातली की, "तुमच्या मुलाच्या संगणकाविषयी बोला." मी म्हटले, "अहो, ती तर माझ्या फजितीची हकीकत आहे." त्या म्हणाल्या, "मग तर बोलाच." तेव्हा बोलते.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या चिरंजीवांची बारावी नुकतीच झाली होती. खेळ खेळता येतील असा संगणक हवा, हा त्याचा दोन वर्षांचा ध्यास. आळीतल्या लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने पस्तीस हजार रुपये साठवले होते. ह्यांचे म्हणणे, खेळापायी एवढे पैसे कशाला? माझे म्हणणे, पोराने स्वतः कमावले आहेत, आणि कॉलेजात गेल्यावर यंत्र लागणारच. माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती. तिचे पंचवीस हजार मी त्यात घातले आणि साठ हजार झाले. पैसे घातले म्हणजे मतही आलेच, हे आपण साऱ्याजणी जाणतो.

मी समजत होते की दुकानात जायचे, संगणक पाहायचा, घासाघीस करायची आणि घेऊन यायचे. तसे नाही. खेळाचा संगणक थोड्या पैशांत हवा असेल तर तो सुटा सुटा घेऊन जोडावा लागतो. लग्नाचा बस्ता बांधतो तसेच ते असते. शालूवर किती, मानपानाच्या साड्यांवर किती, हे आधी कागदावर न मांडता दुकानाची पायरी चढलेली बाई कधी ठरल्या रकमेत परत आली आहे का?

मुलाने कागद केला होता. त्यात पहिल्या ओळीला त्याने मॉनिटर, म्हणजे पडदा, लिहिलेला पाहून मला नवल वाटले. सर्वांत मोठा खर्च आधी लिहायचा सोडून हे काय? तेव्हा त्याने मला हिशेब घालून दाखवला. साधा चोवीस इंची पडदा आडवा १९२० आणि उभा १०८० ठिपक्यांचा असतो. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. खेळ गुळगुळीत दिसायचा तर हे सारे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. त्याच्या वरचा पडदा घेतला तर ठिपके ३६,८६,४००, म्हणजे काम जवळजवळ पावणेदोन पट. पडदा मोठेपणाचा घेतला की त्याला पेलणारे महागडे कार्ड आलेच. म्हणून पडदा आधी ठरवायचा.

हे ठिपके रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. आता प्रोसेसर असताना हे निराळे कार्ड कशाला, हा प्रश्न मीही विचारला होता. त्याचे उत्तर आपल्या मंडळाच्या पापडांत आहे. आम्ही घेतलेल्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरला सहा कोअर आहेत, म्हणजे सहा सुगरणी समजा. कोणताही अवघड पदार्थ सांगा, त्या करतील. पण वीस लाख पापड लाटायचे असले तर सहा सुगरणी काय पुऱ्या पडणार? तिथे एकच काम येणाऱ्या, पण संख्येने पुष्कळ बायका हव्यात. आरएक्स ६६०० या कार्डात असे १७९२ हात आहेत. म्हणूनच खेळाच्या संगणकात एकूण रकमेचा तिसरा हिस्सा तरी कार्डाला द्यावा लागतो. आम्ही साठातले एकवीस हजार दिले. पुष्कळ लोक याच्या उलट करतात. प्रोसेसर भारी घेतात आणि कार्डाला पैसे उरत नाहीत.

ज्यांच्यापाशी पस्तीसच हजार असतील त्यांनी नाउमेद होऊ नये. ५६०० च्या जोडीला ५६००जी नावाचा प्रोसेसर निघाला होता. त्याच्या पोटातच चित्र काढण्याची थोडी सोय आहे. तशी सोय असलेला प्रोसेसर घेऊन हलके खेळ चालवावेत, आणि पुढची भिशी लागली की कार्ड घालावे. मात्र इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' अक्षर असेल तर त्यात ही सोय नसते, आणि आमच्या साध्या ५६०० मध्येही नसते. कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही. एका अक्षराने दुकानातून दोनदा खेप पडते.

बाकीचे सामान एकमेकांना बसते की नाही, एवढे पाहायचे. एका कंपनीच्या कुकरचे झाकण दुसऱ्याला बसत नाही, तसेच. डीडीआर४ जातीची रॅम डीडीआर५ च्या मदरबोर्डात जातच नाही, खाच निराळ्या जागी असते. एएमडीची एएम५ ही २०२२ साली आलेली बैठक फक्त डीडीआर५ घेते, आमची आधीची एएम४ डीडीआर४ घेते. रॅम सोळा जीबी हवी असेल तर सोळाची एक पट्टी न घेता आठच्या दोन घ्याव्यात. दोन नळांनी हंडा लवकर भरतो.

वापरलेले कार्ड स्वस्तात मिळते, असे मुलाच्या मित्रांनी सुचवले होते. त्यामागे मोठा इतिहास आहे. २०२०-२१ मध्ये इथेरियम नावाचे संगणकी चलन खणून काढण्यासाठी लोकांनी ही कार्डे डझनांनी घेऊन रात्रंदिवस चालवली, आणि खेळणाऱ्या मुलांना ती दुप्पट भावानेही मिळेनात. पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धतच मोडीत काढली आणि राबलेली कार्डे ढिगाने विकायला आली. त्यातले एखादे उत्तमही निघत असेल. पण बिल नाही, हमी नाही, तेव्हा मी नको म्हटले. इथे माझा शहाणपणा संपला.

एका शनिवारी आम्ही मायलेक निघालो. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात. कुर्ल्याला गाडी बदलून दादर, आणि दादरहून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. तिथला लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार. आपल्या पिढीला तो मिनर्व्हा टॉकीजमुळे ठाऊक, 'शोले' पाच वर्षे चालला तो तिथेच. आता तिथे फुटपाथपर्यंत खोकीच खोकी. चार दुकानांतून भाव लिहून घेतले आणि मग एकाकडे बसलो.

कागदावर एसएमपीएसची एक ओळ होती, चार हजारांची. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन यंत्राला १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून देणारी ही पेटी. ती धरून बेरीज बासष्ट हजारांवर जात होती. दुकानदार म्हणाला, "मॅडम, अडीच हजारांचे हे कॅबिनेट घ्या, एसएमपीएस आतच आहे, फुकट." मुलगा हळूच म्हणाला, "आई, हा नको गं, हा हलका आहे." खरोखरच हलका होता, पोह्यांच्या रिकाम्या डब्यासारखा. पण 'फुकट' हा शब्द माझ्या कानांत शिरला होता. मी म्हटले, "अरे, दिसणार कुणाला आहे ती पेटी?" वाचलेल्या पैशांत रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे घेतले, तेही माझ्याच हौसेने.

घरी जेवणाच्या टेबलावर त्याने सारे जोडले. प्रोसेसरच्या पोटाखाली १३३१ बारीक टाचण्या असतात, त्यातली एक वाकली तरी पंचाईत, म्हणून मी श्वास धरून स्क्रूंची वाटी घेऊन उभी होते. रात्री नऊला पडदा उजळला. हेसुद्धा चष्मा लावून पाहायला आले.

जूनमध्ये पाऊस लागला. वीज जायची, यायची. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वीज परत आली आणि टप्प असा आवाज झाला. खोलीभर जळक्या रबराचा वास. ती फुकटची पेटी गेली आणि जाताना साडेसात हजारांचा मदरबोर्ड घेऊन गेली. कार्ड आणि प्रोसेसर वाचले, हे नशीब. जळलेल्या बोर्डाला हमी लागू नाही, असे उत्तर मिळाले. मुलगा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते. त्याने दुसऱ्या दिवसापासून आणखी एक शिकवणी धरली, आणि मी पुढच्या भिशीतले पैसे उचल म्हणून मागून घेतले.

मग मी ही पेटी म्हणजे काय ते समजून घेतले. कार्ड १३२ वॅट घेते, प्रोसेसर ६५, बाकी सगळे मिळून पन्नास-साठ. एकूण अडीचशेच्या आसपास. हलक्या पेटीवर ४५० छापले म्हणून ती तेवढे देतेच असे नाही. चांगल्या पेटीत दाब वाढला किंवा शॉर्ट झाला तर स्वतःच बंद पडण्याची योजना असते. हलकीत नेमकी तीच गाळलेली असते. 'ऐंशी प्लस' ही खूण वीज वाया किती जाते ते सांगते. सुरक्षिततेची ती हमी नव्हे, पण खूणच नसलेली पेटी घेऊ नये. हमी किती वर्षांची आहे तेही विचारावे. आम्ही दुसऱ्यांदा पाचशे वॅटची, पक्क्या बिलाची घेतली.

दोष सगळा पेटीचाच होता असेही नाही. आमचे घर जुन्या पनवेलातले, वाड्याचे. इलेक्ट्रिशियनने पाहिले तर तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. चालू कॅबिनेटला बोट लावले की झिणझिण्या येत, त्याची आम्ही गंमत करीत होतो! ज्यांची घरे जुनी आहेत त्यांनी फ्रिज आणि वॉशिंग मशीनसाठी तरी हे आजच तपासून घ्यावे. आपल्याकडच्या धुळीसाठी म्हणून सांगते, कॅबिनेट पुढून जाळीचे असावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी यंत्र बंद करून मऊ ब्रशने झाडावे. आमच्या आत एकदा पाल निघाली.

यंत्र त्यानंतर नीट चालले आहे. मुलगा रात्री खेळतो, हेही रविवारी शेजारी बसतात आणि मोटार भिंतीवर आपटली की मुलावर ओरडतात.

आता शेजारच्या वहिनींच्या मुलाला असाच संगणक हवा आहे आणि कागद करायला त्या माझ्याकडे आल्या. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकी दुपटीहून वर गेले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठाल्या केंद्रांनी माल उचलला. मायक्रॉनने तर त्या डिसेंबरात आपला क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करीत असल्याचे जाहीर केले. म्हणून वहिनींच्या कागदावर रॅमचा आकडा मी पेन्सिलीने लिहिला आहे. एसएमपीएसचा शाईने लिहिला आहे आणि खाली दोन रेघा ओढल्या आहेत. येत्या शनिवारी आम्ही सकाळच्या गाडीने जाणार आहोत. कुणाला बरोबर यायचे असेल तर शुक्रवारपर्यंत मला सांगावे.