जालंदरच्या छावणीतील आयरिश शिपाई

गोरी पलटण म्हटली की आपल्यापुढे एकच चित्र उभे राहते : खाकी पोशाख, उंच टोपी आणि साहेबाच्या हुकुमासरशी सुटणारी बंदूक. पण त्या पलटणींतले सगळेच शिपाई काही इंग्रज नसत. कॅनॉट रेंजर्स ही पश्चिम आयर्लंडातली जुनी पायदळ पलटण. त्या काळी रिवाज असा, की एक बटालियन मायदेशी राहायची आणि दुसरी परमुलखात. पहिले महायुद्ध संपल्यावर रेंजर्सची पहिली बटालियन हिंदुस्थानात आली. १९२० च्या जूनमध्ये तिचा मुख्य तळ जालंदरला होता, आणि काही शिपाई सिमल्याच्या बाजूला सोलन येथे होते.

इकडे हे शिपाई साम्राज्याचा पहारा करीत होते, आणि तिकडे आयर्लंडात स्वातंत्र्याचा लढा पेटला होता. तो चिरडायला सरकारने 'ब्लॅक अँड टॅन्स' या नावाने कुप्रसिद्ध झालेले जादा पोलीस पाठवले. त्यांच्या जुलमाच्या बातम्या छावणीत येऊन पोचल्या. आता पाहा, पोटासाठी भरती झालेली ही पोरे. ज्या सरकारचा गणवेश आपल्या अंगावर, त्याच सरकारची माणसे आपल्या आईबापांच्या दारात बंदूक घेऊन उभी! मीठ कोणाचे खायचे आणि इमान कोणाशी राखायचे?

२८ जूनला जो हॉज आणि त्याचे काही सोबती पहाऱ्याच्या कोठीवर गेले. आयर्लंडातून फौज हलेपर्यंत आम्ही चाकरी करणार नाही, आम्हाला अटक करा, असे त्यांनी सांगितले. बघता बघता शेकडो शिपाई त्यांना मिळाले. बाजारातून कापड आणून हिरवा, पांढरा, नारिंगी असा आयरिश झेंडा चढवण्यात आला.

बातमी सोलनला गेली. तिथे जेम्स डेली हा वीस वर्षांचा तरुण पुढे झाला. प्रथम सगळे शांततेने चालले. धर्मगुरूंच्या सांगण्यावरून शिपायांनी हत्यारेही कोठारात जमा केली. पण १ जुलैच्या रात्री डेली आणि त्याचे साथीदार संगिनी घेऊन त्या कोठारावर चालून गेले. पहाऱ्याने गोळ्या झाडल्या आणि दोन शिपाई ठार झाले.

पुढे लष्करी न्यायालय बसले. अनेकांना देहदंड फर्मावला गेला, पण एकाखेरीज सर्वांचा रद्द झाला. २ नोव्हेंबर १९२० रोजी पहाटे दगशाईच्या तुरुंगात डेलीला गोळ्या घालण्यात आल्या. १९२२ मध्ये दक्षिण आयर्लंडच्या इतर पलटणींबरोबर रेंजर्सही मोडण्यात आली. १९२३ मध्ये कैदी सुटले. डेलीच्या अस्थी मात्र १९७० साली मायदेशी गेल्या.

शिक्षकबंधूंना एक विनंती. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण आहे त्याहून मोठी करू नका. डेली हिंदुस्थानासाठी मेला नाही. तो आयर्लंडासाठी मेला. तरीही जालंदरपासून अमृतसर किती दूर? जालियनवाला बागेला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. आपल्या गावी जे चालले आहे तेच आपण इथे दुसऱ्यांच्या गावी करतो आहोत, हे हॉजसारख्यांना उमगले होते, असे त्यांनी मागाहून सांगितले.

साम्राज्य तोफांवर उभे असते, हे खरे. पण तोफेला बत्ती देणारा हातही कुणाचा तरी मुलगा असतो. त्या हाताला घर आठवले, की काय होते, ते १९२० च्या उन्हाळ्यात पंजाबने पाहिले.