शपथ आणि मेंदू

दारू सोडलेला मनुष्य पुन्हा पेल्याकडे वळला, की आपण त्यास निश्चयहीन म्हणून मोकळे होतो. बर्लिनच्या संशोधकांनी २००७ मध्ये अशा मंडळींचे मेंदू चुंबकीय यंत्राने न्याहाळले. द्रव्यलाभाच्या आशेने मेंदूतील जो खोलवरचा भाग उत्तेजित व्हावयाचा, तो त्यांच्या ठायी मंदच राहिला. मद्याची चित्रे दिसताच मात्र तोच जागा झाला! २०१० मध्ये तेथेच आढळले, की लाभहानीची वार्ता हा भाग नीट टिपतो. परंतु कपाळामागील, विचाराने वागणे सुधारणाऱ्या भागाशी त्याचे दळणवळण बिघडलेले असते. दूत निघाला, पण दरबारात दाद लागली नाही, म्हणा ना. म्हणूनच दारू सुटल्यावर केवळ बाटलीच नव्हे, तर घरातले ते पेले आणि गुत्त्यावरून जाणारी वाटही टाळावयास सांगतात.