रानातला ससा, पिंजऱ्यातला ससा



कर्जत-जामखेडकडे रब्बीची ज्वारी काढताना ताटांतून अचानक ससा उठतो. आपल्या माळरानांवर, रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याच्या परिसरातही तो आढळतो. करडा-तपकिरी, लांब कानांचा आणि मानेमागे गडद डाग असलेला हा रानससा.

पिंजऱ्यात पाळतात ते न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला हे ससे मात्र मूळच्या युरोपातल्या वेगळ्या प्रजातीचे. रानससा आणि पाळीव ससा यांचा संकर होत नाही.

पाळीव मादी साधारण महिनाभरात विते. पिल्लं उघडी, डोळे मिटलेली. म्हणून तिला विण्यासाठी पेटी द्यावी लागते. रानससा बीळ खणत नाही; गवतातल्या उथळ खळगीत दबून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळस असतात.

म्हणूनच शेतात एकटं पिल्लू दिसलं, तर ते पोरकं समजू नका. शत्रूला माग लागू नये म्हणून आई दिवसा दूर राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. त्या जागेपुरती काढणी थोडी थांबवा, कुत्री लांब ठेवा. घरी नेलेलं पिल्लू गाईच्या दुधावर बहुधा जगत नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानससा पकडणं, पाळणं किंवा मारणं गुन्हा आहे. जखमी ससा आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पाळलेला ससा नकोसा झाला, तरी माळावर सोडू नका. त्याला तिथं जगता येणार नाही.